भूमिकाचा अर्धवट फॉर्म

प्रिय कमल,

नेहरू नगरहून जामुल बसनं अर्ध्या तासावर, तरी दोन वर्षं मी तुझ्याकडे फिरकले नाही. तू म्हणत असशील, शिल्पाले विद्यापीठात नोकरी लागली तं डोकं फिरलं. तसं नाही गं.

परीक्षा घरून झाल्या, त्या वर्षीची गोष्ट. मुलं कागदावर उत्तरं लिहायची, मोबाइलवर फोटो काढून पोर्टलवर चढवायची आणि शेवटी ‘जमा करा’ दाबायची. निकालानंतर आदेश आला, पोर्टल वापरायला सोपं आहे का, विद्यार्थी समाधानी आहेत का, याचा अहवाल द्या. काम माझ्याकडे. मुलांच्या अभिप्रायाचा फॉर्म त्याच पोर्टलवर ठेवला. दोनशे बारा मुलांचे फॉर्म भरलेले, पण जमा न झालेले निघाले. मी ते वगळले. मला कुणी सांगितलं नव्हतं. आकडा छान दिसत होता, एवढंच. एक्क्याण्णव टक्के समाधानी. साहेबांनी पेढे वाटले.

वगळलेल्यांत तुझ्या लेकीचा, भूमिकाचा फॉर्म होता. कमल, नाव मी तेव्हाच वाचलं होतं.

त्यानंतरच्या संक्रांतीला तुझ्याकडे शेवटची आले, तेव्हा चहा गाळता गाळता तू म्हणालीस, “पोट्टी पेपरलेच बसली नाही, अन् मले म्हणते लिहिला. निकालात गैरहजर लिहून हाय, मले काय समजत नाही?” भूमिका आतल्या दारात उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. मावशी पोर्टलचंच काम करते, आता बोलेल, असं. मी बशीत चहा ओतला. त्याच महिन्यात ती नागपूरला कपड्याच्या दुकानात कामाला निघून गेली, आणि तुमचं बोलणं तुटलं. रोज सकाळी ऑफिसात मी मुलांच्या नावांची यादी उघडते. ‘भ’ जवळ आला की माझे डोळे मिटतात. मिटले तरी ती दारातच असते.

सोमवारी साहेबांनी पुन्हा तोच अहवाल मागितला. मी आमच्या नत्थू शिपायाचा जुना, लहान मोबाइल घेतला आणि स्वतः पेपर चढवून पाहिला. ‘जमा करा’चं बटण पडद्याच्या खालीच राहतं, कितीही सरकवलं तरी वर येत नाही. मग भूमिकाचं खातं उघडलं. तिची बारा पानं तिथंच आहेत, वेळेच्या आत चढवलेली. तुझ्यासारखंच उजवीकडे झुकलेलं अक्षर.

काल सगळं लिहून कुलसचिवांना दिलं, माझी चूकसुद्धा. “मॅडम, दो साल बाद?” एवढंच म्हणाले. पानं तपासतील की नाही, ठाऊक नाही. माझं कंत्राट मार्चपर्यंतचं, त्यानंतर मला ठेवतील की नाही, तेही नाही.

पण पत्र त्यासाठी लिहीत नाहीये. त्या वगळलेल्या फॉर्मच्या शेवटी सूचनांसाठी चौकट होती. भूमिकानं तिथं लिहिलं होतं, “बटन दिखता ही नहीं. पेपर दिया है मैंने, कोई मम्मी को बता दो.” तेव्हा वाचलं, आणि सांगितलं नाही. आज सांगते. तिनं पेपर दिला होता. तिला फोन कर, कमल. माझ्याशी पुन्हा बोलली नाहीस तरी चालेल.

तुझीच, बोलायला उशीर केलेली,
शिल्पा