वरून आलेला हुकूम

३ फेब्रुवारी

वरच्याने हुकूम दिला, खालच्याने तो पाळला, तर गुन्हा कोणाचा? आज प्रेझेंटेशनमध्ये गाइडबाईंनी हे विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही. कायदा येत होता. न्यूरेंबर्गच्या नाझी खटल्यांपासून आंतरराष्ट्रीय गुन्हेगारी न्यायालयाच्या रोमच्या कायद्यापर्यंत सगळं घडाघडा म्हटलं. बाई म्हणाल्या, ते पुस्तकात आहे, तुझं मत सांग. माझं मत त्या वेळी तयार नव्हतं.

बसस्टॉपवर उभी असताना तयार झालं. हुकूम ही सबब नाही. कोणालाही नाही, कधीच नाही.

संकल्प: उद्यापासून पहाटे पाचला उठणे. प्रबंधाचं चौथं प्रकरण, 'वरून आलेला हुकूम', पंधरा दिवसांत हातावेगळं करणे. हे प्रकरण म्हणजे प्रबंधाचा कणा.

४ फेब्रुवारी

पाचला उठले होते. परत झोपले. दोन खोल्यांच्या घरात दिवा लावला की चौघं उठतात, त्यातले तिघं चिडून. संकल्प माझ्या बाजूने पूर्ण झाला आहे, असं मानायला हरकत नाही.

६ फेब्रुवारी

शेजारच्या काकू भाडेकरार दाखवायला आल्या. आईने त्यांना दारातच सांगितलं, आत्ता नको, थोरली सध्या नरसंहार करतेय, तो झाला की युद्धगुन्हे, मग मोकळी होईल. काकू पाणी न पिताच गेल्या.

आईला पुन्हा एकदा चार मुख्य गुन्हे समजावून सांगितले. तिने भाजी निवडत ऐकलं आणि विचारलं, हे कोर्ट आहे कुठे. परदेशात, म्हटलं. मग तुझी प्रॅक्टिस कशी व्हायची, रोज जाऊन येऊन? या घरातली मी पहिली पदवीधर. पहिल्या माणसाला एकटेपण सोसावंच लागतं.

९ फेब्रुवारी

लेखन जोरात. न्यूरेंबर्गमध्ये ठरलं की हुकमामुळे सुटका नाही, फार तर शिक्षा कमी. पुढे रोमच्या कायद्यात अपवाद आले: हुकूम पाळणं कायद्याने बंधनकारक असेल, तो बेकायदा आहे हे माणसाला माहीत नसेल आणि तो उघड उघड बेकायदा दिसत नसेल, तर. तिन्ही गोष्टी एकदम हव्यात. हे अपवाद मला बुळचट वाटतात. 'पोटासाठी केलं' म्हणणाऱ्यांवर एक कडक परिच्छेद लिहिला. वाचून मलाच भरून आलं.

धाकटा भाऊ मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातून, कामावरून आला. म्हणाला, जिंकणाऱ्यांच्या बाजूच्या किती जणांना पकडलं गं त्या न्यूरेंबर्गात? हा आक्षेप फार जुना आहे, असं त्याला सांगितलं. उत्तर काय, तर ते तळटीपेत येणार आहे.

११ फेब्रुवारी

आज लिहिणं झालं नाही. कारण खरं आहे.

बाबा लाँड्रीत सुपरवायझर आहेत. मोठी लाँड्री, हॉस्पिटलांच्या चादरी धुणारी. तिथे चादरींना इस्त्री करायचं मशीन आहे, दोन तापलेले रोलर. रोलरच्या तोंडाशी एक आडवी पट्टी असते. हात लागला की मशीन जागच्या जागी थांबतं. पण चादरीची घडी लागली तरी थांबतं, म्हणून काम रखडतं. म्हणून ती पट्टी जुन्या चादरीच्या चिंधीने मागे ओढून बांधलेली असते.

आज मशीनवर काम करणाऱ्या मावशींचा हात आत गेला. तीन बोटं भाजली, वाईट भाजली. चिंधी बाबांनी बांधली होती. बांध म्हणून मॅनेजरने सांगितलं होतं.

बाबा जेवले नाहीत. त्यांच्या शर्टाला करपल्याचा वास येत होता. आईने तो न विचारता भिजत घातला.

१२ फेब्रुवारी

कंपनीने बाबांकडे लेखी खुलासा मागितला आहे. चोवीस तारखेला चौकशी. नोकरी जाऊ शकते. मॅनेजर म्हणतो, मी खाली येतच नाही, मला काय माहीत.

बाबांनी कागद माझ्यापुढे ठेवला. "तूच लिही. आमच्यात तूच शिकलेली."

त्यांना म्हटलं, काळजी सोडा. 'मला माहीत नव्हतं' हे जगातल्या प्रत्येक सेनापतीने म्हटलेलं आहे. वरिष्ठाला माहीत असायलाच हवं होतं, हे तत्त्व पक्कं आहे. मॅनेजर वाचणं अशक्य.

धाकटा म्हणाला, ताई, तो सेनापती नाही, त्याला पार्किंगचा वॉचमनसुद्धा सलाम करत नाही. तत्त्व सार्वत्रिक असतं, हे त्याला समजावण्यात अर्थ नाही.

१६ फेब्रुवारी

खुलासा पूर्ण. एकोणीस पानं. कंपनीने अर्धं पान मागितलं होतं, पण विषयाला पार्श्वभूमी लागते. पहिल्या महायुद्धानंतरचे फसलेले खटले, मग न्यूरेंबर्ग, टोकियो, युगोस्लाव्हिया, रवांडा, मग कायमचं न्यायालय. लाँड्री सोळाव्या पानावर येते. चढण चांगली साधली आहे.

१७ फेब्रुवारी

घरच्यांसमोर वाचन. आई नवव्या पानावर उठून भांडी घासायला गेली. तिथूनही ऐकू येतं, म्हणाली. बाबा ताठ बसून ऐकत होते, शाळेत बसावं तसे. माझ्या प्रत्येक इंग्रजी शब्दाला मान हलवत होते.

सोळावं पान. 'मॅनेजरने हुकूम दिला. माझ्या वडिलांनी, पट्टीचा उपयोग पूर्णपणे माहीत असताना, तिच्यावर चिंधी बांधली. हुकूम ही सबब असू शकत नाही. म्हणून दोघेही जबाबदार आहेत, आणि मॅनेजर अधिक.'

बाबांची मान हलायची थांबली. मग धाकट्याने विचारलं, "ताई, तू वकील कोणाची?"

मॅनेजरला अडकवायचं तर हुकूम सिद्ध व्हायला हवा, हुकूम सिद्ध झाला की पाळणाराही सिद्ध होतो, त्याला माझा इलाज नाही, असं सांगितलं. धाकटा म्हणाला, मॅनेजरचा हुकूम तोंडी होता आणि बाबांची कबुली एकोणीस पानी आहे.

हा मसुद्याचा दोष. तत्त्वाचा नाही.

१८ फेब्रुवारी

नवा मसुदा. ते अपवाद आठवले. मागे त्यांना बुळचट म्हटलं होतं, ते अभ्यास अपुरा असताना. अपवाद अतिशय मानवी आहेत. बाबांना हुकूम पाळणं भाग होतं, तो बेकायदा आहे हे माहीत नव्हतं, आणि तसा तो उघड दिसतही नव्हता. तिन्ही गोष्टी बसतात.

आईला सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे दुसऱ्याच्या बापाला फाशी आणि आपल्या बापाला सूट. मी म्हटलं, असं नसतं, प्रत्येक प्रकरणाची तथ्यं वेगळी असतात. ती म्हणाली, हो ना, आपल्या प्रकरणात तथ्य एवढंच की तो आपला बाप.

१९ फेब्रुवारी

मसुदा बाबांना वाचून दाखवला. 'पट्टीचा नेमका उपयोग मला माहीत नव्हता' इथे त्यांनी हात वर केला.

"माहीत होता की. नव्या बायका येतात, त्यांना पहिल्या दिवशी मीच दाखवतो. पट्टीवर हात आपटून दाखवतो, बघा, थांबलं."

मी विचारलं, मग दाखवून झाल्यावर?

"मग बांधतो."

अपवाद गेला. पेन बंद केलं. प्रबंधाकडे दहा दिवस पाहिलेलं नाही, त्याला सर्वस्वी घरची परिस्थिती जबाबदार.

२० फेब्रुवारी

निर्णय. सरळ सत्य सांगायचं. बाबा म्हणतील: चिंधी मी बांधली, मॅनेजरने सांगितलं, मला कळत होतं. मावशी साक्ष देतील की मॅनेजरचा हुकूम सगळ्यांसमोर होता. मग दोष वर चढत जाईल, आणि मावशींच्या हाताची जबाबदारी कंपनीला घ्यावीच लागेल. कदाचित बाबांना शिक्षा होईल, पण कमी. न्यूरेंबर्गच्या नियमात तेवढी सोय आहे.

बाबांना विचारलं, जमेल? ते म्हणाले, तू म्हणशील तसं. त्यांनी ती तीन वाक्यं पाठ केली. दाढी करतानाही म्हणत होते.

मावशींशी बोलायचं राहिलं आहे. पण पीडित माणूस सत्याच्याच बाजूने असतो, त्यामुळे घाई नाही.

२४ फेब्रुवारी

चौकशी. मी बाबांबरोबर गेले. गेटवरच्या वॉचमनने विचारलं, तुम्ही कोण. सल्लागार, म्हटलं. त्याने नातेवाईकांच्या बाकावर बसवलं.

आधी मावशी आत गेल्या. पाच-सात मिनिटांत बाहेर आल्या, बँडेजचा हात दुसऱ्या हाताने धरून. माझ्याकडे पाहिलं नाही. मग बाबा. ते तर त्याहूनही लवकर आले.

काय झालं? मावशींनी सांगितलं होतं, माझा पाय घसरला, तोल गेला, पट्टी मोकळी होती की बांधलेली ते आठवत नाही. चौकशी करणाऱ्या साहेबांनी लिहून घेतलं: अपघात. बाबांना म्हणाले, इथे सही करा.

मी विचारलं, आणि ती तीन वाक्यं?

"विचारलंच नाही त्यांनी."

म्हणून बाबांनी सही केली. येताना बसमध्ये बाबांना झोप लागली. बऱ्याच दिवसांनी लागली असावी. त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर होतं आणि मी मनात अपिलाचे मुद्दे काढत होते. अपील कुठे करायचं, ते सुचलं नाही. वरचं, म्हणजे आंतरराष्ट्रीय न्यायालय तेव्हाच हात घालतं जेव्हा घरचं, म्हणजे देशातलं न्यायालय न्याय करू शकत नाही किंवा करायचाच नाही म्हणतं. इथे दुसरी गोष्ट लागू होते. पण वरचं न्यायालय चादरींमध्ये हात घालणार नाही, एवढं मलाही कळतं.

२६ फेब्रुवारी

मावशींच्या घरी गेले. त्यांना मशीनवरून काढून घड्या घालायच्या टेबलावर बसवलं आहे. तेवढं मॅनेजरने चौकशीआधीच कबूल केलं होतं. औषधपाणी मात्र त्यांचं त्यांनाच. त्या एका हाताने लसूण सोलत होत्या. मी सोलायला घेतला तर म्हणाल्या, राहू दे, तुला जमायचं नाही.

खोटं का सांगितलंत, हे मी जितक्या नम्रपणे विचारता येईल तितक्या नम्रपणे विचारलं. त्यांनी सांगितलं, तुझा बाप रोज मागून आणलेल्या स्कूटरवर बसवून मला ड्रेसिंगला नेतो, बाहेर उभा राहतो, आत यायची त्याची हिंमत होत नाही. खरं सांगितलं असतं तर तोच गेला असता. वरचा जागेवरच राहिला असता. मग मला नेलं कोणी असतं?

मी म्हटलं, मावशी, सत्य कळणं हा पीडिताचा अधिकार असतो.

"माझाच ना? मग मी नाही वापरत. ठेव तुझ्याकडे."

यावर पुस्तकात काहीही नाही. बाबा रोज ड्रेसिंगला नेतात, हे मला माहीत नव्हतं. मला माहीत असायला हवं होतं.

१ मार्च

इस्त्रीचं मशीन परत सुरू. सकाळी बाबांना विचारलं, पट्टी आता मोकळी आहे का.

त्यांनी चहा बशीत ओतला, फुंकला, प्यायले. म्हणाले, हॉस्पिटलच्या चादरी संध्याकाळच्या आत जाव्या लागतात.

मी पुढे विचारलं नाही. बस चुकली असती.

५ मार्च

गेल्या आठवड्यात घाईने पुरा करून दिलेला प्रबंध गाइडबाईंनी वाचून परत दिला. चौथं प्रकरण सर्वोत्तम, म्हणाल्या. 'पोटासाठी केलं' हा परिच्छेद तर छापण्यासारखा. इतकं स्वच्छ मत फार कमी विद्यार्थ्यांचं असतं.

आनंद होत आहे. होत असावा. संकल्प: उद्यापासून पाचला उठणे.

८ मार्च

बाबा म्हणाले, बाईंना आवडलेलं ते आम्हालाही वाचून दाखव. इंग्रजीतलं मराठी करत वाचलं. बाबा पुन्हा तसेच ताठ बसले होते, आई भांडी न घासता दारात उभी होती. कडक परिच्छेदाशी आले आणि पान उलटलं.

बाबा म्हणाले, तिथे बरंच काही लिहिलेलं दिसत होतं.

तळटीपा, म्हटलं.

धाकट्याने माझ्याकडे पाहिलं.  त्याचं न बोलणं मला आक्षेपार्ह वाटलं.

१२ मार्च

प्रबंध जमा केला. चार प्रती. बाबांनी अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून त्या जुन्या चादरीच्या चिंधीने बांधून दिल्या, सुटू नयेत म्हणून. गाठ इतकी पक्की की ऑफिसातल्या क्लार्कला कात्री शोधावी लागली. कोणी बांधलं हो हे, तो वैतागून म्हणाला. बाबा बाजूलाच उभे होते. मी बांधलं, म्हणाले.

गाइडबाईंनी प्रत चाळली आणि विचारलं, कणा कुठे गेला? मी म्हटलं, पानांची मर्यादा होती. त्या म्हणाल्या, मर्यादेला अजून तीस पानं शिल्लक आहेत. मी म्हटलं, विषय मोठा आहे, त्याला स्वतंत्र पुस्तक लागेल, आणि माझं मत अजून तयार नाही. यातलं शेवटचं खरं आहे.

बाहेर आल्यावर बाबांनी विचारलं, त्यात माझं नाव कुठे आहे का गं. आहे ना, सांगितलं, ऋणनिर्देशात, पहिलंच.

चौथं प्रकरण परवाच काढलं. पाचव्याला चौथा क्रमांक दिला आहे.