माणसं धरून ठेवायचं काम

वस्ताद, गेल्या महिन्यात मी बायकोला आपटलं. भांडण नव्हतं, दारू नव्हती, आवाजही चढला नव्हता. लोणावळ्याच्या आमच्या खोलीत ओट्याशी उभा राहून मी चहा गाळत होतो. ती मागून आली, खांद्यावर हात ठेवला, आणि मी तोच हात धरून तिला धोबीपछाड घातली. डोकं ओट्याच्या कडेवर आदळता आदळता राहिलं. मनगट मोडलं. पातेलं उलटून चहा फरशीभर झाला. पाच वर्षांची पोर दारातच होती. ती रडलीसुद्धा नाही हो, नुसती बघत राहिली. दुसऱ्या दिवशी बायको प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून पोरीसकट घोरावाडीला माहेरी गेली. जाताना एवढंच म्हणाली, "तुम्ही मला नाही मारलंत, हे कळतंय मला. पण ज्याला मारलंत, त्याचं काहीतरी करा. तोवर पोरीला घेऊन मी इथं राहणार नाही."

तुम्ही गेल्यावर बऱ्याच वर्षांनी कोरोना नावाचा रोग आला. मी त्या वॉर्डात ब्रदर होतो, म्हणजे पुरुष नर्स. हवा कमी पडली की माणूस भ्रमिष्ट होतो, तोंडावरचा मास्क ओरबाडतो, खाटेवरून उड्या टाकतो. मग सिस्टर ओरडायच्या, पैलवानाला बोलवा. कुस्तीत मोडलेले माझे कान बघून सगळ्यांनी ते काम माझ्याच गळ्यात घातलं. एक लाट गेली, दुसरी आली, आणि मी माणसं धरत राहिलो. नखं, लाथा, आईवरून शिव्या. भाजे गावचे एक काका होते, शेतकरी, अंगानं कडक. त्यांनी सिस्टरच्या पोटात लाथ घातली, हातमोज्यासकट माझा अंगठा चावला. मी त्यांचे दोन्ही हात काखेत आवळून त्यांना खाटेवर दाबलं, तेव्हा कुठं मास्क बसला. ते म्हणत होते, "सोड की रं, मला घरला जायचंय." मी सोडलं नाही. मग अंग सैल पडलं. मला वाटलं, शांत झाले. सिस्टरनं नाडी बघितली आणि मागून माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, सोडा आता, गेले ते. बाहेर त्यांच्या मुलानं दाराची काच फोडली, खुर्ची उचलून माझ्या पाठीत घातली. मी हात उचलला नाही. वाटलं, घाल लेका, अजून घाल. दुसऱ्या दिवशी परत ड्युटी होती.

तुमच्या तालमीत होतो तेव्हाचं एक अजून डोळ्यापुढं आहे. गावच्या जत्रेत मी एकाला चीत केलं, पंचानं शिट्टी मारली, तरी मी त्याची मान सोडेना. तुम्ही आखाड्यात येता आणि सगळ्या गावासमोर माझ्या कानाखाली जाळ काढता. "पडला न्हवं त्यो? कुस्ती संपली. आता का दाबतुस?" मग दोघांनाही घरी नेता, त्याच पोराची मान मला तेलानं चोळायला लावता. तुमच्या घरच्या मावशी आम्हाला एकाच ताटात मटण-भाकरी वाढतात. मी रागानं गिळतो, पण ताटावरून उठेपर्यंत आमची दोस्ती झालेली असते. वॉर्डात असं मध्ये पडून बास म्हणणारं कुणी नव्हतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आमच्यावर फुलं टाकली. ती फुलं काय चुलीत घालायची होती? एकानंही विचारलं नाही की बाबा, तू घरी जाऊन काय करतोस, झोपतोस का.

रविवारी मी घोरावाडीला जातो. हात मांड्यांखाली दाबून बसतो. पोर लांबूनच खेळते. मागच्या रविवारी ती पायरीवरून पडली, अगदी माझ्या पायाशी. ढोपर फुटलं. रडत तिनं माझ्याकडं हात वर केले, आणि मी उठलो नाही. बायकोनं प्लास्टरच्या हातानं तिला उचललं. माझ्याकडं बघितलं.

सोमवारी तळेगावला मानसोपचाराच्या डॉक्टर आहेत, त्यांच्याकडं गेलो. पैलवान आणि वेड्याचा डॉक्टर, आपली तालीम पोट धरून हसली असती. बाईंना मी सांगितलं, खांदा दुखतो. त्यांनी खांद्याकडं बघितलंसुद्धा नाही. म्हणाल्या, "झोपेत कुणाला धरता?" मी रडलोच. त्यांना सगळं सांगितलं. हेही सांगितलं की भाजे गावच्या काकांचं अंग सैल पडलं तेव्हा, सिस्टरनं नाडी बघायच्या आधी, मला जिंकल्यासारखं वाटलं होतं. बरं वाटलं होतं, वस्ताद. बाईंनी गोळ्या दिल्या, दर आठवड्याला यायला सांगितलं. मी जाणार आहे.

बायकोला ते जिंकल्यासारखं वाटल्याचं अजून माहीत नाही. माहीत झाल्यावर ती येईल की नाही, देव जाणे. खरं तर हा कागद तिच्याच हातात द्यायचा आहे. तिचं नाव घालून दोनदा लिहायला बसलो, पुढं सरकेना. म्हणून तुमचं घातलं.