गोळा कुठं पडतो

देवास, २ जुलै १९४८
नाना तोफखान्याची किल्ली कचेरीत देऊन आले. संस्थान विलीन, सलामी बंद, म्हणून सलामीच्या तोफा बंद, म्हणून नाना बंद. असं स्वतःच म्हणाले, हसत. उभा जन्म दसऱ्याला आणि राजाच्या वाढदिवसाला दारू ठासली, बत्ती दिली. गोळा कधी घातला नाही. "नुसता आवाज. कुणाला काही लागलं नाही," हे त्यांचं नेहमीचं.
जेवताना मला म्हणाले, "पोरी, खऱ्या तोफांचं काम घरात तूच केलंस." कौतुकानंच म्हणाले. मी आमटी वाढत राहिले.

देवास, ११ नोव्हें. १९४९
शाळेत लॉगची कोष्टकं शिकवायला घेतली. एका मुलीनं विचारलं, "बाई, ही बनवतं कोण?" माणसं बनवतात, म्हटलं. मग सगळंच सांगावं लागलं. लढाईत पुण्याजवळच्या छावणीत एक लांब खोली, दोन रांगांत आम्ही मुली, प्रत्येकीपुढं मुठीचं गणितयंत्र. आकडे लावा, मूठ फिरवा, उत्तर उतरवा. आमच्या हुद्द्याचं नावच 'कॉम्प्युटर'. विलायतेतली तोफेची कोष्टकं थंड हवेतली. इथल्या उन्हात दारू तापते, गोळा जास्त लांब जातो. किती लांब, ते आम्ही काढायचं.
मला वाटलं मुली घाबरतील. मागच्या बाकावरची म्हणाली, "बाई, हाथ नी दुखतो थो?"
दुखायचा. इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.

देवास, ३ फेब्रु. १९५१
धारचं स्थळ येऊन गेलं. माधवराव निकम. सडक खात्यात ओव्हरसियर, नेमणूक सरदारपुरास. लढाईत ब्रह्मदेशात तोफखान्यात हवालदार होते. उजव्या कानानं ऐकू येत नाही. त्यांच्या मामांनी आल्याआल्या सांगून टाकलं, "मुलीला डाव्या बाजूला बसवा, नाहीतर बिचारी बोलत राहील."
पोहे, चहा. नाना आपल्या सलामीच्या गोष्टी सांगत होते. मध्येच माधवरावांनी मला विचारलं, "आपण लढाईत काय करत होता?"
"कोष्टकं. तोफेची."
"कोणत्या?"
"पंचवीस पौंडी. उन्हाची दुरुस्ती."
ते गप्प झाले. मामांना वाटलं ऐकू आलं नाही; त्यांनी तेच पुन्हा मोठ्यानं सांगितलं. तेव्हा म्हणाले, "ऐकलं मी. आधीच्या कोष्टकांनी आमचे गोळे आमच्याच पायदळावर पडत. दुपारी तर हमखास. मग नवी कोष्टकं आली. तेव्हापासून नाही पडले."
त्या खोलीतल्या कामाचं पुढं काय झालं, ते आज पहिल्यांदा कळलं. आत गेले आणि रडले. आईला वाटलं मला स्थळ पसंत नाही.

धार, २० मे १९५१
लग्न होऊन आठवडा. सासूबाईंना इथं सगळे आत्याबाई म्हणतात, मीही म्हणते. बारीक अंगाच्या, आवाज मात्र नानांच्या तोफेचा. मला विचारलं, "तू म्हणे फौजेत होतीस. पोळ्या येतात का?" येतात म्हटलं. "गोल?" बऱ्यापैकी, म्हटलं. रात्री माझी पोळी उलटीपालटी करून बघितली.

धार, ९ ऑक्टो. १९५२
काल तिरल्याला लग्नाला गेलो होतो. परतताना हे बैलगाडीतून उतरून चालू लागले, मीही. गाडी पुढं गेली तेव्हा म्हणाले, "देवासला तुला अर्धंच सांगितलं."
उरलेलं असं. नवी कोष्टकं आल्यावर गोळा सांगितल्या जागी पडू लागला. एकदा एका टेकडीमागची जागा सांगितली होती. तिथं गाव होतं. नकाशावर नव्हतं. दुसऱ्या दिवशी हे तुकडीबरोबर त्या गावातून पुढं गेले.
"गणित चुकलं होतं का?" मी.
"नाही. गणित बरोबर होतं."


धार, १७ ऑक्टो. १९५२
आठवडाभर आकड्याला हात लावला नाही. दुधाचा हिशेबसुद्धा ह्यांना करायला लावला. ह्यांनी चुकवला, गवळ्याशी वाद, "भिया, अपन कां झूठ बोलांगा" वगैरे. आत्याबाई संतापल्या. शेवटी मीच बसले. बरं वाटलं, हे लिहायला लाज वाटते. पण बरं वाटलं.

धार, ३० ऑग. १९५४
आमची उमा दीड वर्षाची. माझी पेन्सिल खाते.
हे सरदारपुराहून चिखलानं भरून आले. मही नदीवरचा रपटा, तो पात्रालगतचा बुटका फरशीपूल, पुन्हा पाण्याखाली. पलीकडच्या गावातली एक बाळंतीण अलीकडे येऊ शकली नाही. बाई वाचली, मूल गेलं. हे म्हणाले, तिथं पूलच हवा, पण किती उंच, ते कुणी सांगत नाही. साहेब अंदाजानं सांगतात. मागच्या साहेबाचा अंदाज म्हणजे हा रपटा.
मी म्हटलं, पावसाचे आकडे आणा.

धार, १२ डिसें. १९५४
पाऊस, उतार, पात्राची रुंदी. तासातासाचं पाणी काढायचं, आधीच्या तासाचं उत्तर पुढच्यात घालायचं. एक चुकलं की पुढची सगळी वाया. एका पुराला तीन आठवडे लागले. असे पूर मला निदान बारा हवेत. उमा आजारी, आत्याबाईंचे गुडघे, माझ्या इथल्या नव्या शाळेची तपासणी. कधी व्हायचं?
तरी पहिला पूर पुरा झाला. हे कागदाकडे बघत बसले. म्हणाले, "पाणी कुठवर येईल ते तू इथं बसून सांगतेस." मग थोड्या वेळानं, "हे पटलं मला."

धार, २२ जाने. १९५६
पिंटो आली. छावणीत माझ्या शेजारी बसणारी, वांद्र्याची. भावाबरोबर मांडू बघायला निघाली होती, वाट वाकडी करून इथं आली. केस कापलेत. आत्याबाई केसांकडेच बघत होत्या, नंतर तिनं दोन वाट्या आमटी मागून प्यायली तेव्हा निवळल्या.
ती मुंबईत एका संशोधनाच्या संस्थेत आहे. तिथं विजेचं गणितयंत्र बांधताहेत. भिंतभर. चाकं नाहीत, मूठ नाही, नुसते काचेचे व्हॉल्व्ह. रेडिओत असतात तसले, पण हजारांनी. म्हणाली, "अर्धं सामान लढाईचं. पोरं चोरबाजारात जाऊन मोडीत निघालेली लष्करी यंत्रं उचलून आणतात. विमान शोधायला जी विद्या काढली, तीच आता आकडा धरून ठेवायला वापरतात."
आणि हेही सांगितलं: अमेरिकेत असलं पहिलं मोठं यंत्र तोफेच्या कोष्टकांसाठीच मांडलं. आमचंच काम. ते पुरं होईतो लढाई संपली.
"त्याला कॉम्प्युटर म्हणतात," पिंटो म्हणाली.
"मग आपण कोण?"
"आपण त्याला गणित सांगणाऱ्या. तशी माणसं मिळत नाहीत गं. पोरांना यंत्र बांधता येतं, पण एक लांबलचक गणित पायरीपायरीनं फोडायला कुणी शिकवलंच नाही. आपण चार वर्षं तेवढंच केलं. तू ये."
मी महीचे कागद दाखवले. तीन आठवडे लागले म्हटलं. पिंटोनं ते उलटेसुलटे बघितले. "चालू झालं की एका दुपारचं काम," म्हणाली.
तिला पोचवून आले तरी तेच वाक्य डोक्यात.

धार, २५ जाने. १९५६
आत्याबाईंना कसं सांगावं म्हणून दोन दिवस घालवले. त्यांना आधीच माहीत होतं, पिंटोनं जाताना सांगितलं होतं.
"सहा महिने म्हणतात," मी.
"उमाला मी बघीन. गुडघे दुखतात, डोळे शाबूत आहेत." मग, "पण तिथं पुन्हा तोफांचंच काम निघालं तर?"
मला जे विचारायला धीर झाला नव्हता ते त्यांनी विचारलं. मी ह्यांच्याकडे बघितलं.
हे म्हणाले, "निघेल. यंत्राला काय, पाणी सांगा की तोफ सांगा. पण तिथं बसलेल्या कुणीच गोळा पडलेली जागा पाहिलेली नसेल. हिनं निदान ऐकलेली आहे. असं एक माणूस तिथं असावं."
आत्याबाई उठल्या. "मग जाऊ दे. आणि केस कापायचे नाहीत."

देवास, ५ नोव्हें. १९५६
मुंबईहून बोलावणं आलं. जाण्याआधी नानांना भेटायला आले. आता थकलेत. पिंटोचं यंत्र समजावून सांगितलं. व्हॉल्व्ह किती तापतात हे ऐकून त्यांनी पहिला प्रश्न केला, "मग ते निववता कसं?" पंख्यांनी, म्हटलं. मान हलवली. तोफ ओल्या पोत्यानं निववायची असते.
मी विचारलं, "नाना, जाऊ ना?"
"मी जन्मभर आवाज काढला. तू काहीतरी काढशील."

मुंबई, १८ जाने. १९५७
पिंटोकडे मुक्काम. यंत्राची खोली उन्हाळ्यातल्या धारसारखी तापते. व्हॉल्व्ह जातात. बांधणारी मुलं पंचविशीच्या आतली, मला ताई म्हणतात. सुरुवातीला मी काही बोलत नव्हते. मग त्यांच्यातल्या एकानं एक गणित एका दमात लिहून आणलं, यंत्र अडकलं. मी ते फोडून दिलं, जसं छावणीत फोडायचो. चाललं. आता रोज कुणीतरी कागद घेऊन येतं. मीही त्यांच्याकडून शिकते आहे, रात्री डोकं भणभणतं.
उमाची फार आठवण. पत्रात तिच्या हाताचा शाईचा ठसा आला.

मुंबई, २६ मार्च १९५७
मही घातली.
पहिल्यांदा काहीच्या काही आलं, नदी डोंगर चढली. चूक माझी, एका जागी उणेचं अधिक. दुरुस्त करून पुन्हा घातली. तीन आठवड्यांचा तो पूर यंत्रानं चहा निवायच्या आत दिला, आणि माझ्या हाताच्या उत्तराशी जुळला. पिंटोनं माझा खांदा दाबला. उजवाच, मूठ फिरवून दुखायचा तो.
संध्याकाळपर्यंत सगळे पूर झाले, काठावरच्या गावांसकट. रपट्याच्या जागी पूल किती उंच हवा ते आता माहीत आहे. साहेबांच्या अंदाजापेक्षा पुष्कळ वर.

मुंबई, २ मे १९५७
लष्करातले दोघे आले. एक वयस्क, एक तरुण कॅप्टन. यंत्र बघितलं, चहा घेतला. आमचे प्रमुख मला बोलावून म्हणाले, ह्यांचं एक गणित आहे, नव्या तोफेचं, आणि इथं कोष्टकं केलेल्या तुम्ही दोघीच. पिंटोनं माझ्याकडे बघितलं.
मी त्या दोघांना विचारलं, "तोफेचा पल्ला जिथं संपतो, तिथं काय आहे हे कागदावर असतं का?"
वयस्क हसले. "बाई, ते गणितात येत नाही."
"आणता येईल," मी म्हटलं. "नदीच्या गणितात काठावरची गावं घातली. यंत्राला जड गेलं नाही. कुठली गावं, किती अंतरावर, एवढंच सांगायला हवं. नकाशा मात्र नवा हवा."
प्रमुख अस्वस्थ. वयस्क घड्याळ बघू लागले. कॅप्टननं मात्र टोपी मांडीवर ठेवली आणि विचारलं, "म्हणजे कोष्टकच तोफवाल्याला सांगेल, इथं मारू नका, असं?"
"सांगू शकेल."
"मी वर विचारून बघतो," तो म्हणाला. हसला नाही.

धार, २९ मे १९५७
सहा महिने संपले. उमानं पहिल्यांदा ओळख दिली नाही, दुपारी मांडीवर येऊन झोपली. आत्याबाईंनी केस तपासले.
ह्यांनी पुलाचे आकडे वर पाठवलेत. मंजुरी नाही, पण नकारही नाही. पलीकडच्या गावचे लोक परवा येऊन विचारून गेले, "पुल कदी बणेगो?" हे म्हणाले, उंची तर ठरली.
संस्थेनं पुन्हा बोलावलं आहे, ह्या वेळी कायमचं, उमाला घेऊन या म्हणून. ह्यांची बदली मुंबईस होणार नाही. आत्याबाईंनी लोणच्याच्या कैऱ्या नेहमीपेक्षा जास्त आणल्यात.
कॅप्टनचं गणित अजून आलेलं नाही. कदाचित यायचंही नाही, किंवा जुन्याच तऱ्हेनं येईल आणि मला नाही म्हणावं लागेल. ह्यांना तो प्रसंग सांगितला. म्हणाले, "त्यानं विचारतो म्हटलं?"
"हो."
"कॅप्टननं?"
"हो."
"आमच्या वेळी असा कुणी नव्हता."
आमच्या खोलीतही नव्हतं. इतक्या मुली, इतकी वर्षं, आणि असं काही विचारता येतं हेच आम्हाला माहीत नव्हतं.