चिमीच्या कॉलरचा माईक

१२ मे

ती. दादास,
सा. न. वि. वि.

काय झालं ते क्रमाने लिहिते.

१. काल आमच्या सिनेमातला, शिबिराच्या जेवणघरात सूप सांडण्याचा प्रसंग चित्रित झाला.
२. मध्यंतरात चिमीच्या कॉलरचा माईक बंद करायचं राहिलं. ध्वनिमुद्रण माझं काम, तेव्हा चूक माझी.
३. आचाऱ्याची भूमिका करणाऱ्या काकांनी तिला विचारलं, इतके संवाद पाठ कसे होतात. ती म्हणाली, "घरी सवय आहे. आई-बाबा भांडत नाहीत, नुसते बोलत नाहीत. बाबांचं मी आईला सांगते, आईचं बाबांना. एक शब्द इकडचा तिकडे झाला की दोघंही मलाच रागावतात."
४. दिग्दर्शकांनी ते ऐकलं. हसून त्यांची मुरकुंडी वळली. त्यांना हे सिनेमात हवंय.

तुम्हा दोघा आईवडिलांची परवानगी लागेल. फॉर्म सोबत आहे. चिमी मजेत आहे. तिचा पुढचा दात पडल्याने तीन दृश्यं पुन्हा घ्यावी लागली; त्याचा तिला फार अभिमान आहे.

लोभ आहेच, तो राहू दे.
तुझी धाकटी

१६ मे

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

ते ताबडतोब पुसून टाक. माझ्या दवाखान्यात रोज चाळीस माणसं येतात. उद्या मी त्यांचे दात तपासायचे आणि त्यांनी मला हसायचं? पोरीला हे बोलायला कुणी शिकवलं, ते तुझ्या वहिनीला विचार. शिवाय तिला सांग, चोवीस तारखेला चिमीला आणायला मी जाणार आहे. गाडी मला लागेल.

जपून राहा.
दादा

१६ मे

प्रिय वन्सं,
नमस्कार.

फॉर्म जेवणाच्या टेबलावर पडला होता. मी सही करून पाठवतेय. पोरगी खोटं बोललेली नाही. तुमच्या दादांना तेवढं कळवा, की चोवीसला चिमीला मी आणणार, गाडीची किल्ली चपलांच्या कपाटावर ठेवा. पडलेला दात जपून ठेवायला सांगा.

माया असू द्या.
तुमची वहिनी

१९ मे

ती. दादा आणि वहिनी,
दोघांना एकत्रच नमस्कार.

एकाच घरातून एकाच दिवशी दोन पाकिटं आली. दोघांनीही माझ्याकडे एकमेकांसाठी निरोप दिलेत. ते मी पोहोचवणार नाही. मला दोन पत्रांतच वीट आला. चिमी ही नोकरी वर्षभर करते आहे.

दिग्दर्शकांना मी सांगितलं, की माईक चुकून चालू राहिला होता, तेव्हा एकाचाही नकार असेल तर वाक्य जाईल. ते कुरकुरले, पण कबूल झाले. मग चिमीला ऐकवलं. ठेवलं काय, काढलं काय, तिला फरक पडत नाही म्हणाली. तिने एवढंच विचारलं, की बाबा काय म्हणाले, आणि ते आईला कसं सांगायचं. मी तिला खेळायला पाठवलं.

पेन ड्राइव्ह आणि नवा कोरा फॉर्म सोबत आहे. ध्वनिमुद्रण पस्तीस सेकंदांचं आहे. दोघांनी एका खोलीत बसून ऐका. मग फॉर्मवर हो किंवा नाही, एकच उत्तर लिहा. मला दोन्ही चालेल. तिला आणायला कोण येणार, तेही त्याच कागदावर लिहा.

दोघांवर लोभ आहे, म्हणून इतकं लिहिलं. चिमी चोवीसला निघेल. उत्तर तेवीस तारखेपर्यंत माझ्या हातात पडेल असं पाठवा.

धाकटी