गाण्यातली ती मुलगी

८ ऑक्टोबर
दिवाळीचं ते गाणं आज रिक्षातही लागलं. आष्टीच्या कल्याणने लिहिलेलं, त्याच्या नातवाने गिटारवर गायलेलं. सुट्टी लागली की अंगणात ‘ती’ दिसते, कोपरापर्यंत हात भरवून शेणाच्या छोट्या बाहुल्या, गवळणी, घालते. मग सुट्टी संपते, गवळणी वाळतात. रिक्षावाल्याला सांगितलं, ती मी. त्याने विचारलं, मॅडम, कॉर्नरला सोडू का आत?

१० ऑक्टोबर
महिला मंडळातही बोलून गेले, गाण्यातली ती मी. आता वसुबारसेला माझं भाषण, ‘गाण्यामागची खरी गोष्ट’. वीस मिनिटं. गंधाली फोनवर म्हणाली, आई, कल्याणकाकांना एकदा विचार तरी. विचारायचं काय? कॉन्व्हेंटला सुट्टी लागली की मी जालन्याहून आष्टीला मामाकडे. शेजारी कल्याण. एक साळूही होती, शेणाची पाटी आणून देणारी. बाकी कोण होतं?

१२ ऑक्टोबर, सकाळी ७
भाषणात एक गवळण करून दाखवायची. हात विसरत नसतात. सोमेश्वर दूधवाल्याकडून शेण मागवलं.

सकाळी ८
हातमोजे घालून जमत नाही. काढून पाहिले नाहीत. गंधालीचे बाबा नरहर माझी गवळण बघून म्हणाले, इडली छान झालीय. पूर्वीचं शेणच वेगळं होतं.

१५ ऑक्टोबर
गंधालीच्या समाधानासाठी आष्टीला जाऊन आले. कल्याणच्या घरचं दार साळूने उघडलं. ती कल्याणची बायको आहे, हे मला कुणी कळवलंच नव्हतं. मला पाहून हसत सुटली. म्हणाली, अगं, तू तर नाक धरून ओट्यावर उभी राह्यची, खाली बिलकुल उतरत नव्हतीस. मी कल्याणला म्हटलं, पण गाण्यात सुट्टी आहे. तो म्हणाला, सुट्टी आपल्याला व्हती ताई, साळूला शाळा कुठं व्हती? मंग मला दिवसभर अंगणात बसून ती बघायला मिळायची.
मी विचारलं, मी कुठेच नाही? तो म्हणाला, तुमच्यावर एक कडवं व्हतं की, नाकाचं. गाणं लांबून राह्यलं, म्हणून नातवानं काढलं.

१६ ऑक्टोबर
भाषण रद्द करा म्हणायला मंडळाच्या द्वारकाबाईंना फोन केला. पत्रिका वाटून झाल्यात म्हणाल्या.
कल्याणला मेसेज टाकला, ते कडवं तरी पाठव. उत्तर आलं, आता आठवत न्हाई, ताई.

१७ ऑक्टोबर, वसुबारस
साळूबद्दल बोलले. दोन मिनिटांत संपलं. उरलेल्या वेळात गाणं लावलं, सहा वेळा. सहाही वेळा नीट ऐकलं. नाक कुठेच नाही.