मुलांची वाक्यं बदला, म्हणतात

प्रिय मॅडम,

आज माझा प्रबंध दुरुस्तीसाठी परत आला आणि भांडायला तुम्ही नाहीत, म्हणून लिहिते आहे. चौथं प्रकरण अर्धंच तपासून गेलात! असं कोणी जातं का?

तुमच्या जागी आलेले मार्गदर्शक सर वाईट नाहीत. पण त्यांना प्रबंध जाड हवा. "अवतरणं वाढवा, मोठी नावं घाला," म्हणतात. तुम्ही तर माझं पहिलं प्रकरण अकोल्याच्या घरी भाजी निवडता निवडता ऐकलंत आणि ताट बाजूला सारून म्हणालात, "तुले नेमकं काय विचारायचं हाये? एका वाक्यात सांग. सांगता येत नसंन तर लिहू नको." मी रडकुंडीला आले होते. अमरावतीला परतेपर्यंत एसटीत तेच एक वाक्य जुळवत बसले: वऱ्हाडी बोलणारी मुलं वर्गात गप्प का होतात?

त्या प्रश्नानं मला शेंदूरजनाघाटच्या एका शाळेत नेलं. तिथली सातवीतली मुलगी म्हणाली, "मले उत्तर येते, पण मी बोलली का सारे हासतेत."

सर म्हणतात, हे प्रमाण मराठीत करा. काहून? तिची बोलीच पुसली, तर तिच्या गप्प बसण्यावर मी काय लिहू?

मागच्या आठवड्यात विभागातल्या सादरीकरणात मी ते वाक्य तसंच वाचलं. खोलीत खसखस पिकली. "बघा, सांगत होतो ना?" सर म्हणाले. पुढची पानं कशीबशी संपवली. आज समितीचा शेरा आला: भाषा सुधारावी.

दुसऱ्याचा विचार घेतला तर त्याचं नाव लिही, जे सापडलं नाही तेही लिही, हे सगळं तुम्ही शिकवलंत. पण खोली हसली तर काय करायचं, हे का नाही शिकवलंत? शेवटी शेवटी फोनवर आवाज ओढलेला असायचा, तरी म्हणायचात, "घेऊन ये पुढचं प्रकरण." मला हजार वाक्यं खोडायला लावलीत आणि स्वतःच्या दुखण्याचं एकही सांगितलं नाहीत! राग येतो, मॅडम.

शेरा वाचला तशी सरळ सरांकडे गेले. म्हटलं, "सर, मुलांची वाक्यं मी बदलणार नाही. खाली प्रमाण मराठीत अर्थ देते."

सर म्हणाले, "तुमच्या मॅडमसारख्याच हट्टी आहात. मी सही करतो. पण समितीला तुम्हीच पटवायचं."

पटवीन. पुन्हा उभी राहीन, तेच वाक्य त्याच बोलीत वाचीन. हसले, तर त्यांचं हसून होईपर्यंत थांबीन आणि विचारीन, "आता सांगा, त्या मुलीनं पुढं बोलायचं कसं?"

तुमची,
वैशाली