चिठ्ठीची तिसरी ओळ

३ जून
आले एकदाची. खोली लहान पण हवेशीर, आणि डॉक्टरांच्या कपाटातली पुस्तकं वाचायची मुभा. हाडांच्या विकारांवर चाळीस वर्षं काम केलेला माणूस. माझ्या ह्यांच्या वाकत चाललेल्या पाठीवर दोन वर्षं इलाज केले. हे वाचले नाहीत, तरी उपकार विसरलेले नाही. डॉक्टरांनी जमवलेल्या हाडांच्या चिठ्ठ्या सुवाच्य लिहायच्या, एवढंच काम. त्यांची बहीण, आक्का, म्हणाली की अक्षर मोत्यांचं नि बोटं आल्याच्या गड्ड्यासारखी. चार वर्षांनी खळखळून हसले.

६ जून
चिठ्ठीवर तीन ओळी: विकार, रोगी पहिल्यांदा आला तो दिवस, हाड इथं आलं तो दिवस. नाव नाही.
मागच्या पडवीत ओली हाडं पत्र्याच्या डब्यांत भिजतात. मांस सुटून वर येतं, पाण्यावर पिवळट साय धरते. कपाटातली जुनी हाडंही तेलकट घाम सोडतात, ती दात घासायच्या ब्रशनं पुसायची. आज एक अख्खा कणा पुसला. वास केसांत बसलाय. आक्का म्हणते, आठ दिवसांत नाक मरतं.

९ जून
स्वयंपाकाची पळी पडवीतल्या हाडांच्या डब्यात सापडली. आक्कानं ती विसळून त्याच पळीनं मला वाढलं. मी ताट सरकवलं, तर तिनं पळी चाटून दाखवली.
आजच्या कागदावर गुडघ्याचा विकार, आणि तिसऱ्या ओळीत चौदा तारीख. ती अजून उजाडायचीय, म्हटलं. आक्का म्हणाली, डॉक्टर चुकत नाहीत, तुम्ही आपलं उतरवा.

११ जून
डॉक्टरांनी माझी बोटं मापाच्या चिमट्यानं मोजली. पांढरी पूड दिली, दुधातून घ्यायची. गुडघा भोपळ्याएवढा सुजलेली शिंपीणही तीच पूड न्यायला आली होती. देवमाणूस आहे, म्हणत होती.

१४ जून
शिंपीण सकाळी वारली. दुपारी पडवीत नवा डबा. झाकण उचललं. गुडघा. साय अजून धरली नव्हती. तिथंच ओकले.

१५ जून
कणा पुन्हा काढला. चिठ्ठी वाचली. पहिली तारीख मला पाठ आहे, ह्यांचा हात धरून मीच आणलं होतं. शेवटची, हे गेले तो दिवस. तिन्ही ओळी एकाच बैठकीतल्या, एकाच फिक्या शाईत.
ह्यांचं शव मला कापडात शिवून दिलं होतं. उघडू नका म्हणाले. मी उघडलं नाही.
आणि सहा तारखेला मीच ब्रशनं घासलं. नखांत अजून ते तेल आहे.

१७ जून
आजचा कागद. उजव्या हाताची बोटं. तीन जून. वीस जून.
पूड थांबवली. फाटकाला कुलूप.

१९ जून
बोटं मिटत नाहीत — आक्का दूध दाताला लावते, नाक दाबते — हातांना तोच वास — आता माझ्याही —

२० जून
सकाळ. ह्यांना चादरीत बांधलं, मागच्या भिंतीवरून रस्त्यावर टाकलं. चिठ्ठीवर पूर्ण नाव लिहिलं. कुणाला तरी सापडेल — हे सुटले.
आक्का दारात, डबा घेऊन. पाणी कोमट आहे म्हणते. माझ्या चिठ्ठीची तिसरी ओळ राहिलीय, ती आधी पुरी करा म्हणते. म्हटलं, आधी वही. हसली. मनगट धरलंय तिनं, भाजी निवडावी तसं, पेन अजून माझ्याच